शंभर माणसांचं बोर्श

ओस्तापला मी त्या दिवशी गाढव म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्याने ऐकूनही घेतलं, कारण अकरा वर्षं तो माझ्या शिव्या खातोय आणि अकरा वर्षं त्याच्या डॉक्युमेंट्री मीच जोडतेय. तो कॅमेरा घेऊन उंडारतो, आणि मी इथे कीव्हमध्ये, जुन्या छापखान्याच्या तळघरात, पडद्यापुढे बसून त्याने आणलेल्या ढिगातून फिल्म बाहेर काढते. संकलक म्हणतात मला. खरं सांगायचं तर धंदा कापण्याचा.

"झिनाताई, ती उद्या येतेय," तो म्हणाला. "तिमिशची आई. मी शब्द दिलाय तिला."

"कुणाला विचारून दिलास रे शब्द?"

"नियम आहे आपला."

हा नियम त्याचाच. ज्यांचं माणूस फिल्ममध्ये आहे त्यांनी ती सगळ्यांच्या आधी बघायची, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते माणूस फिल्ममधून काढायचं, वर एक शब्द बोलायचा नाही. शांततेच्या दिवसांत मीही या नियमाला मान डोलावली होती. तेव्हा आम्ही मधमाश्या पाळणाऱ्यांवर नि नदीवरच्या नावाड्यांवर फिल्मा करायचो. फार तर नावाड्याची बायको म्हणायची, ह्यांचं पोट फार दिसतंय, तेवढं काढा. मग फेब्रुवारीत रणगाडे आत घुसले, आणि आता आमच्या फिल्ममधली चार माणसं फिल्म पुरी व्हायच्या आतच गेली होती. चौघांत तिमिश सगळ्यात धाकटा, चोवीस वर्षांचा.

मी त्याला कधी भेटले नाही. पण दोन महिने रोज आठ-आठ तास त्याचं तोंड बघत होते. हसायच्या आधी तो नाक वर ओढतो हे मला पाठ झालं होतं. इलेक्ट्रिशियन पोरगा. हल्ला झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी भरती झाला. इझ्यूमच्या बाजूला एका मोडक्या गावात त्याची पलटण होती. चार दिवस पुढे खंदकात, मग दोन दिवस मागे, गावातल्या शाळेच्या तळघरात विश्रांतीला. पलटणीचं स्वयंपाकघरही त्याच तळघरात, आणि पलटणीचा बोकाही. मे महिनाभर ओस्ताप त्यांच्यातच राहून चित्रण करत होता.

आणि हा तिमिश घरी आईला काय सांगत होता? की मी लढतबिढत नाही, मी स्वयंपाकी आहे. मागे असतो, सुरक्षित, शंभर माणसांचं बोर्श, म्हणजे आमचं बीट-कोबीचं सार, रांधतो. खंदकातून चिखलाने माखून परत आला की बंदूक ठेवायच्या आधी खऱ्या स्वयंपाक्यापुढे, लाव्रिनकाकांपुढे उभा राहायचा. "काका, आज काय केलंत? कसं केलंत? पटापट सांगा." मग आईला फोन. हे सगळं ओस्तापच्या कॅमेऱ्यात आलं होतं. सहा मिनिटं. अख्ख्या फिल्ममधली सगळ्यात चांगली सहा मिनिटं, हे मी कुठे नाकारतेय?

जूनच्या मध्यावर तिमिश गेला. खंदकातच गेला. त्याच्या कमांडरने आईला फोन केला, तर म्हणे त्या बाईने एकच विचारलं, "स्वयंपाकघरावर पडला का गोळा?" आणि कमांडर, भला माणूस, हो म्हणाला. हे ओस्तापनेच मला सांगितलं होतं.

आता मला सांगा, अशा बाईला मी काय दाखवायचं? पोरगा गेला तो गेला. पण शेवटपर्यंत चुलीपाशी होता, उबेत होता, भरल्या पोटी होता, एवढंच तिच्या पदरात उरलंय. ते मी काढून घेऊ? एका फिल्मसाठी?

"ती सहा मिनिटं मी काढतेय," मी म्हणाले.

"तिच्यापुरती? आणि नंतर सगळ्यांना दाखवताना परत घालणार? मग गावातलं कुणीतरी बघेल आणि तिला जाऊन सांगेल."

"कायमची काढतेय. फिल्ममधूनच."

"ताई, ती गेली तर फिल्ममध्ये उरतं काय? चिखल आणि बोका."

"मग चिखल आणि बोका दाखव."

"आपण खोटं दाखवत नाही."

"खोटं कुठे दाखवतेय मी? मी नुसतं कापतेय. गाढवा!"

तो उठला. चहा करून आणला, माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा कप घेऊन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. मी ती सहा मिनिटं उचलली आणि बाजूला टाकली. उरलेलं सांधलं. तिमिशची चौदा मिनिटं झाली. कुठे टाका दिसू नये म्हणून डोळ्यात तेल घालून काम केलं, आणि संध्याकाळी घरी जाताना स्वतःला शाबासकीसुद्धा दिली. काय बाई ती शहाणी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिमिशची आई, रायसा, आली. हाद्याचकडच्या गावातून पहाटेची बस पकडून. माझ्या मनात काळा रुमाल बांधलेली, भिंतीला धरून चालणारी बाई होती. आली ती ठेंगणी, गुबगुबीत, लाल हातांची, दोन हातांत दोन जड पिशव्या घेऊन पायऱ्या धाडधाड उतरणारी. पोराच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होऊन आठवडा झाला होता. तिने आधी पिशवीतून बिस्किटं नि चॉकलेटच्या गोळ्या काढल्या आणि माझ्या, ओस्तापच्या, दारावरच्या पहारेकऱ्याच्याही हातावर मूठमूठ ठेवल्या.

"तिमिशची आठवण काढा," ती म्हणाली.

अशा वेळी धन्यवाद म्हणायचं नसतं. "स्वर्गात जागा मिळो त्याला," आम्ही म्हणालो, आणि एकेक गोळी लगेच तोंडात टाकली, कारण ती बघत होती.

"तू ओस्ताप ना? केवढा वाळलायस रे! कोण करतं तुझं जेवणखाण?"

"मीच करतो, काकू."

"दिसतंय ते." दुसऱ्या पिशवीतून तिने झाकण लावलेलं पातेलं काढलं. कोबीचं सारण भरलेल्या कचोऱ्या. "आधी खायचं की आधी बघायचं?"

"आधी बघू या," मी घाईने म्हणाले. माझ्याने तो घास गिळवला नसता.

तिला माझ्याशेजारच्या खुर्चीत बसवलं. ओस्ताप मागे उभा राहिला. मी तिला सांगितलं, ताई, हे बघून तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर आम्ही काढून टाकू, मनात काही ठेवणार नाही. ठेवा म्हणालात तर एका कागदावर सही लागेल. तिने मान हलवली, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि मी चालू केलं.

तिमिश तळघरातला दिवा जोडतोय. तिमिश बोक्याला बुटाच्या नाडीने खेळवतोय. तिमिश बेसूर गातोय आणि बाकीचे त्याच्यावर टोप्या फेकतायत. ती बघत होती. डोळे पुसत नव्हती, कारण पुसायला पडद्यावरून नजर काढावी लागली असती. बोका आला तेव्हा हसली. गाणं आलं तेव्हा म्हणाली, "बापाचा गळा." मग हात लांब करून तिने पडद्यावर त्याच्या गालाला बोट लावलं. माझ्या पडद्याला मी कुणाला बोट लावू देत नाही. ओस्तापने यासाठी मार खाल्लाय. त्या दिवशी मी ब्र काढला नाही.

शेवटी आंघोळीचं दृश्य होतं. उघडा तिमिश पिंपातलं थंड पाणी अंगावर घेतोय, ओरडतोय, आणि हसत हसत ओंजळभर पाणी कॅमेऱ्यावर उडवतोय. मोठा गोड शेवट केला होता मी.

"थांबवा," रायसा म्हणाली.

मी थांबवलं.

"जरा मागे घ्या. अजून. तिथे. हातावर काय लिहिलंय त्याच्या?"

 ते दृश्य मी शंभर वेळा बघितलं असेल. त्याचे दात बघितले, पाण्यावरचा उजेड बघितला, मागची भिंत बघितली. तळहात नाही बघितला. डावा तळहात सरळ कॅमेऱ्यापुढे धरलेला, आणि त्यावर निळी शाई.

"शाळेतही परीक्षेला हातावर लिहून न्यायचा," ती म्हणाली. "दोनदा मार खाल्लाय त्यापायी. मोठं करून दाखवता येतं का हो?"

मी ओस्तापकडे बघितलं. मेला मदत करेल म्हणून. तो जमिनीकडे बघत होता. मी मोठं केलं. दुसरं करणार काय? शाई पाण्याने पसरली होती, पण वाचता येत होती. 'बटाटे आधी. टोमॅटो नंतर!! ४५ लि.'

ती वाचत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी पाणी आणायला उठले, तर बाई हसत होती! डोळ्यांतून पाणी गळतंय आणि बाई पोट धरून हसतेय.

"पंचेचाळीस लिटर! शिकला गं बाई, शिकला एकदाचा!"

मी उभीच राहिले. 

"ताई, बसा," ती मला म्हणाली. जणू मीच पाहुणी. "तुम्ही मला फसवायला बसला होतात ना? लष्करातलं पोर, आणि एवढ्या वेळात हातात ना बंदूक, ना पळी! माझ्या तिमकोसारखंच. त्यालाही जमायचं नाही." तिने रुमालाने तोंड पुसलं. "मी पंचवीस वर्षं शाळेत जेवण करते. दीडशे पोरं, रोज. आणि हा मला फोन करून सांगतो, आई, मी स्वयंपाकी झालो. जगात थाप मारायला दुसरा धंदा मिळाला नाही याला! म्हणायचं ना, मागे वायरी जोडतो. मी डोळे मिटून पटवून घेतलं असतं. वायरीतलं मला काय डोंबल कळतं? पण नाही. सुरक्षित माणूस म्हटल्यावर याच्या डोळ्यांपुढे कोण आलं, तर आई. चुलीपाशी उभी. मग आईचाच धंदा उचलला."

"मग... कळलं कधी तुम्हाला?"

"दुसऱ्या आठवड्यात. म्हटलं, काय केलंस रे आज? म्हणाला, बोर्श, शंभर माणसांचं. पातेलं केवढं? म्हणाला, दहा लिटरचं. अहो, शंभर माणसांना दहा लिटर! एकेकाला नाक धुवायला तरी पुरेल का? म्हटलं, कसं केलंस सांग. म्हणाला, पाणी उकळलं, टोमॅटो घातले, मग बटाटे घातले." ती माझ्याकडे वळली. "ताई, आंबटात बटाटा टाकला तर काय होतं?"

"शिजत नाही. दगड राहतो."

"बघा! तुम्ही फिल्मवाल्या बाई, तुम्हालाही ठाऊक. ओट्याला धरून उभी राहिले मी. चुलीपाशी नाही हा. म्हणजे कुठे आहे? ते काही कुणी सांगायला नको होतं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तिकडून एवढ्या लांबून लेकरू माझ्यासाठी बोर्श शिजवतंय, आणि मी म्हणू, काय रे खोटारड्या? म्हटलं, बाळा, बटाटे आधी, टोमॅटो मागनं. आणि साहेबाकडून मोठं पातेलं मागून घे. मग प्रत्येक फोनला तेच. आज काय केलंस, कसं केलंस. काय काय चुकायचा! भोपळ्याच्या खिरीला कांदा, लापशीला सोडा. मी इकडे ऐकून ऐकून कपाळ बडवायची. आणि मे महिन्यात एकाएकी सगळं बरोबर यायला लागलं. लसूण कधी, कोबी कधी, सगळं बिनचूक. तेव्हा बरं वाटलं हो. म्हटलं, कुणीतरी सांगणारं आहे त्याच्याजवळ. वडीलधारं कुणीतरी आहे."

"लाव्रिनकाका," ओस्ताप मागून म्हणाला. 

"पण कमांडरला तर तुम्ही विचारलंत, स्वयंपाकघरावर पडला का म्हणून," मी म्हणाले. मी अजून माझंच घोडं दामटत होते.

"तो बिचारा फोनवर नुसता घुटमळत होता. तिमकोने त्याला बजावून ठेवलं असणार, आईला असंच सांगा. आता त्या पोरसवदा साहेबाला मी मेलेल्याला दिलेला शब्द मोडायला लावू? म्हणून मीच वाट काढून दिली." तिने हात परत गुडघ्यांवर ठेवले. "पण आता मला खरं काय ते बघायचंय, ताई. आता कुणाला सांभाळायचंय? जे कापलंत ते लावा."

अकरा वर्षांत मी कुणाची माफी मागितली नाही. ओस्तापची तर नाहीच. त्या दिवशी दोघांची मागितली, तीही तोंडातल्या तोंडात, आणि बाजूला टाकलेली सहा मिनिटं शोधून काढली.

पहिल्यांदा खंदकातून येणारा तिमिश. कानापर्यंत चिखल, पापण्यांवर चिखल, खांद्यावर बंदूक. तिला धक्का बसेल म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो थोपटून बाजूला केला. मग लाव्रिनकाका, पांढऱ्या मिशांचे, तिमिशला एकेक गोष्ट समजावून सांगताना, आणि तिमिश पेन जिभेला लावून हातावर लिहिताना. "सावकाश लिही, मूर्खा," काका म्हणाले, आणि रायसाने पडद्यावरच्या काकांना मान झुकवून नमस्कार केला.

मग फोन, शाळेबाहेरच्या गवतात बसून. काकांनी मघापासून भरलेला वाडगा त्याच्यापुढे धरलेला, आणि तो हाताने थांबा, थांबा म्हणतोय. फोन कानाला. आईचा आवाज कॅमेऱ्याला कुठून ऐकू येणार? त्यामुळे तिमिश बोलतो, मग थांबतो, मग बोलतो. ते रिकामे थांबे मी कित्येकदा ऐकले होते.

"आई! हो, मीच," तिमिश म्हणाला आणि थांबला.

"आवाज का बसलाय?" माझ्या शेजारी रायसा म्हणाली.

मी दचकून बघितलं. ती आमच्याशी बोलत नव्हती.

"धूर गं. चुलीचा," तिमिश म्हणाला.

"काय केलंस आज?"

"बोर्श. पंचेचाळीस लिटर."

"लसूण?"

"कुटून, चरबीत घोटून. अगदी शेवटी."

"कोबी जाड चिरलास ना? तू जाडच चिरणार."

"नाही गं, बारीक! केसासारखा!"

तिला सगळं पाठ होतं. कुठे किती थांबायचं तेही. एक शब्द त्याच्या बोलण्यावर पडला नाही. ओस्तापने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. कुठेतरी लांब काहीतरी फुटल्याचा आवाज आला. तिमिशने घाईने फोनवर हात ठेवला, मग काढला.

"काही नाही गं. झाकण पडलं."

"सांभाळून. भाजशील," रायसा म्हणाली.

"नाही भाजत."

"बोक्यालाही घाल थोडं."

"हो गं आई, हो. ठेवतो आता. माणसं आलीत जेवायला."

त्याने फोन खिशात टाकला. चित्र डगमगलं आणि खाली गेलं, कारण ओस्तापने कॅमेरा मांडीवर ठेवला होता. पडद्यावर नुसतं गवत आणि तिमिशचा एक बूट. कॅमेरा खाली गेला की आम्ही संकलक तिथे थांबतो. पुढे काही कामाचं नसतं. मी थांबवायला हात पुढे केला.

"चालू दे," ओस्ताप म्हणाला.

"पुढे गवत आहे रे नुसतं."

"आवाज आहे, ताई. चालू दे." मग म्हणाला, "तू ऐकलं नाहीस हे? मला वाटलं, ऐकून कापलंस."

नव्हतं ऐकलं. दोनशे तासांच्या चित्रणात गवत कोण ऐकत बसतं? हे मी त्याला म्हणाले नाही.

गवतावर चमच्याचा आवाज आला. चमचा, वाडगा, फुंकर, पुन्हा चमचा.

"खातोय," रायसा हळूच म्हणाली.

"पटतं का रे तिला?" हा ओस्तापचा आवाज, तेव्हाचा.

"कुणाला? माझ्या आईला?" तिमिशच्या तोंडात घास होता. "पंचवीस वर्षं शाळेत रांधतेय ती. पहिल्याच बोर्शला ओळखलं असणार तिने. काय बडबडलो होतो मी तेव्हा!"

"मग कशाला करतोस हे?"

चमचा थांबला.

"कारण मी खरं बोललो तर तिला रडावं लागेल. आणि ती खरं बोलली तर मला. असं आहे तोवर आम्ही दोघं निदान स्वयंपाक तरी करतो." मग नाक वर ओढल्याचा आवाज. हसला असणार. "काका, अजून आहे का थोडं?"

बुटाने गवत तुडवलं, आणि तिथे संपलं.

 मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं. रायसा पडद्याकडे बघत बसली होती. तिला मी आतापर्यंत ठीकठाक समजत होते, पण आता तिचा चेहरा बदलला. तिची खात्री होती की हे सगळं तिने एकटीने पेललंय. पोराला कळू न देता.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो, काकू."

"आणि मला वाटत होतं, मी त्याला सांभाळतेय."

"सांभाळतच होतात," मी म्हणाले. "दोघंही."

तिने कागद मागितला. ओस्तापने पेन दिलं. तिने नाव सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "यातलं आता काही कापायचं नाही. गवतही नाही."

"नाही कापत."

"टोमॅटोचं ऐकून लोक हसले तर हसू देत."

मला वाटलं, झालं. मी उठून कचोऱ्यांचं पातेलं उघडायला गेले. ती उठली नाही. पडद्याकडेच बघत होती.

"ताई, एक राहिलं," ती म्हणाली. "साडेतीन महिने एक प्रश्न तोंडात धरून होते. प्रत्येक आई विचारते तो. पण दिवसभर पातेल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो कसा विचारायचा? विचारला असता तर त्याला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून मी कधी लसूण विचारायची, कधी कोबी, कधी बोका." तिने खुर्ची पुढे ओढली. "तो फोन परत लावा. झाकण पडलं तिथून."

मी लावला. लांबचा आवाज आला, तिमिशने फोनवर हात ठेवला, काढला.

"काही नाही गं. झाकण पडलं."

"सांभाळून. भाजशील."

"नाही भाजत."

मग तो रिकामा थांबा आला. त्याच्या कानाला फोन, अंगावर चार दिवसांचा चिखल, आणि काकांच्या हातात निवत चाललेला वाडगा. रायसा पुढे वाकली. मघाशी लसूण-कोबी विचारताना तिचा आवाज खणखणीत होता, आता तो जेमतेम निघाला.

"जेवलास का रे, तिमको?"

"हो गं आई," तिमिश म्हणाला, "हो."